मतभेदांना आसरा देणारी मंडळी : न्यूयॉर्कच्या कम्युनिटी चर्चची कथा

संस्थेचे मोठेपण मोजण्याच्या रीती अनेक आहेत. किती वर्षे लोटली, किती इमारती उभ्या राहिल्या, किती माणसे घडून बाहेर पडली, याचा हिशेब प्रत्येक महोत्सवात मांडला जातो आणि तो मांडलाच पाहिजे. परंतु एक कसोटी अशी आहे की जिची नोंद वार्षिक अहवालात सहसा सापडत नाही. संस्थेतील बहुसंख्यांना न पटणारी गोष्ट संस्थेच्याच व्यासपीठावरून कोणी सद्भावनेने बोलू लागला, तर ती संस्था त्याला काय उत्तर देते? त्याला गप्प करते, बाहेरची वाट दाखवते, की मत न पटताही त्याच्यासाठी व्यासपीठ राखून ठेवते?

या कसोटीला उतरलेल्या एका ख्रिस्ती मंडळीचा इतिहास येथे सांगावयाचा आहे. ही मंडळी आपल्यापासून दूर, न्यूयॉर्क शहरात वाढली. तथापि तिची वाट दोनतीन ठिकाणी भारताच्या आणि महाराष्ट्राच्याही वाटेला येऊन मिळते. वंशभेदाच्या काळात तिने सर्व वर्णांच्या माणसांना दार उघडले, युद्धज्वराच्या काळात शांततेची बाजू घेणाऱ्या उपदेशकाला सांभाळले आणि गांधीजींचे नाव अमेरिकेत फारसे कोणाला ठाऊक नसताना त्यांचा जाहीर गौरव ऐकला.

लोहाराचा वारसा

१८२५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये युनिटेरियन पंथाची दुसरी मंडळी स्थापन झाली. पुढे तिला ‘चर्च ऑफ द मसाया’ हे नाव मिळाले. युनिटेरियन हा ख्रिस्ती धर्मातील उदारमतवादी प्रवाह होय. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्रैक्याचे तत्त्व तो मानीत नाही. ईश्वर एकच आहे, येशू हा मानवजातीचा महान गुरू आहे आणि धर्माच्या बाबतीतही विवेकबुद्धी गहाण टाकता येत नाही, अशी त्याची धारणा आहे. भारतीय वाचकाला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. राजा राममोहन रॉय यांनी विल्यम ॲडम यांच्या साहाय्याने १८२१ मध्ये कलकत्त्यात युनिटेरियन समिती काढली होती आणि पुढे ब्राह्म समाज व मुंबईचा प्रार्थना समाज यांनी याच प्रवाहाशी दीर्घकाळ स्नेह राखला.

१८७९ पासून या मंडळीचे उपदेशक होते रॉबर्ट कॉलियर. यॉर्कशायरमधील गरिबीत वाढलेला हा माणूस लहानपणीच गिरणीत कामाला लागला आणि पुढे लोहारकाम शिकला. दिवसा ऐरणीवर घण घालावा आणि मिळेल त्या वेळेत पुस्तके वाचावीत, असे त्यांचे शिक्षण. १८५० मध्ये ते अमेरिकेत आले. हातोड्या घडवून पोट भरीत असतानाच ते मेथडिस्ट पंथात प्रवचने देत; पण गुलामगिरीविरुद्ध उघड बोलू लागल्यावर तो पंथ त्यांना सुटला आणि ते युनिटेरियनांमध्ये आले. विवेकाला स्मरून बोलण्याची किंमत मोजलेला माणूसच या मंडळीच्या व्यासपीठावर जवळजवळ तीन दशके उभा होता, हे पुढील घटना समजून घेताना ध्यानात ठेवावे लागते.

कॉलियर वृद्ध झाल्यावर त्यांच्या सोबतीला म्हणून १९०७ मध्ये एका तरुण उपदेशकाला बोलावण्यात आले. त्याचे नाव जॉन हेन्स होम्स. जन्म १८७९ चा, फिलाडेल्फियाचा. शिक्षण हार्वर्ड विद्यापीठाचे. वय अवघे सत्तावीस. ज्या वर्षी होम्स न्यूयॉर्कला आले, त्याच वर्षी त्या बंदरातील एलिस बेटावरून १० लाखांहून अधिक स्थलांतरित अमेरिकेत उतरले. इटालियन, पोलिश, रशियन, ज्यू कुटुंबे दाटीवाटीच्या चाळींत राहत होती आणि कारखान्यांत मिळेल त्या मजुरीवर राबत होती. पार्क ॲव्हेन्यूवरील चर्चची मंडळी मात्र बव्हंशी सुस्थित होती. त्या काळच्या अनेक चर्चप्रमाणे तेथेही कुटुंबे बाकांचे भाडे भरीत आणि ज्याचे भाडे त्याचे बाक, अशी व्यवस्था चाले. देवाच्या घरातही जागा पैशाने ठरत होती.

दार उघडण्याची सुरुवात

वॉल्टर राउशेनबुश यांच्या सामाजिक शुभवर्तमानाच्या विचाराचा होम्स यांच्यावर खोल ठसा होता. एकट्या माणसाचा आत्मा तारला आणि त्याला चिरडणारी समाजव्यवस्था तशीच ठेवली, तर धर्माचे काम अर्धेच झाले, असे हा विचार मानी. म्हणूनच होम्स यांच्या प्रवचनांत मजुरी, दारिद्र्य, वंशभेद, तुरुंग आणि नगरपालिकेचा कारभार हे विषय येऊ लागले.

१९०८ च्या ऑगस्टमध्ये इलिनॉय राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे कृष्णवर्णीयांविरुद्ध भीषण दंगल उसळली. हे शहर अब्राहम लिंकन यांचे. ज्याने गुलामांना मुक्त केले त्याच्याच गावात माणसे त्वचेच्या रंगासाठी मारली जावीत, या गोष्टीने अनेक विचारी अमेरिकन हादरले. १२ फेब्रुवारी १९०९ रोजी, लिंकन यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, एक जाहीर आवाहन प्रसिद्ध झाले. डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस, आयडा वेल्स, जेन ॲडम्स यांच्याबरोबर त्यावर होम्स यांची स्वाक्षरी होती आणि त्यांचे मित्र, ज्यू धर्मगुरू स्टीफन वाइझ यांचीही होती. या आवाहनातून ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल’ ही संघटना उभी राहिली. पुढील अर्धशतकात कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांचा न्यायालयीन लढा मुख्यत्वे तिनेच लढवला.

सही करणे सोपे असते. पण जे आवाहन आपण जगाला करतो ते स्वतःच्या घराला लागू करणे कठीण असते. अमेरिकेतील बहुतेक चर्च त्या काळी गोऱ्यांची वेगळी आणि काळ्यांची वेगळी होती. रविवारची सकाळ हीच जणू वंशभेदाची सर्वांत ठळक वेळ होती. अशा वेळी होम्स यांच्या मंडळीने कृष्णवर्णीयांना केवळ पाहुणे म्हणून बोलावले नाही, तर सभासद म्हणून सामावून घेतले. सहानुभूती आणि समानता यांत नेमका हाच फरक आहे. पाहुण्याचे स्वागत यजमानाच्या मर्जीवर असते, सभासदाचा हक्क मर्जीवर नसतो.

झावळ्यांच्या रविवारचे प्रवचन

या मंडळीच्या इतिहासातील निर्णायक दिवस म्हणजे १ एप्रिल १९१७. तो झावळ्यांचा रविवार होता. येशूच्या यरुशलेमप्रवेशाचा स्मरणदिन. युरोपात महायुद्ध तिसऱ्या वर्षात होते आणि जर्मन पाणबुड्यांच्या हल्ल्यांमुळे अमेरिका युद्धाच्या उंबरठ्यावर उभी होती. दुसऱ्याच दिवशी अध्यक्ष वुड्रो विल्सन काँग्रेसपुढे युद्धघोषणेची मागणी करणार होते आणि ६ एप्रिलला, म्हणजे त्या वर्षीच्या गुड फ्रायडेलाच, युद्ध जाहीर होणार होते.

त्या सकाळी होम्स यांनी युद्धाच्या पूर्वसंध्येला आपल्या मंडळीपुढे एक निवेदन केले. युद्ध आणि येशूची शिकवण यांचा मेळ बसत नाही, हे त्यांचे मूळ प्रतिपादन. मग त्यांनी त्याचे परिणाम एकेक करून सांगितले. आपण या युद्धात भाग घेणार नाही, त्याला आशीर्वाद देणार नाही. इतर उपदेशक आपल्या सैन्याच्या विजयासाठी प्रार्थना करतील, आपण ती करणार नाही. अन्यत्र कोठे नसले तरी या चर्चमध्ये जर्मन माणूस देवाच्या लेकरांतच गणला जाईल. आणि शेवटी, मंडळीला हे मान्य नसेल तर आपले पद सोडण्यास आपण तयार आहोत, हेही त्यांनी सांगून टाकले.

या निवेदनाचे धाडस कळण्यासाठी त्या दिवसांची हवा ध्यानात घेतली पाहिजे. देशभर ध्वज फडकत होते, वृत्तपत्रे पेटली होती, जर्मन नावाच्या माणसाकडे संशयाने पाहिले जात होते. दोनच महिन्यांनी हेरगिरीविरोधी कायदा आला आणि त्याचा उपयोग युद्धविरोधी भाषणांवर खटले भरण्यासाठी झाला. समाजवादी नेते यूजीन डेब्स यांना १९१८ मधील एका भाषणापायी दहा वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली. व्यासपीठावरून शब्द उच्चारण्याची किंमत तुरुंग असू शकत होती.

आता निर्णय मंडळीच्या विश्वस्तांकडे आला. त्यांच्यापैकी बहुतेकांना होम्स यांचे मत मुळीच मान्य नव्हते. राजीनामा स्वीकारणे हा सर्वांत सोयीचा मार्ग होता. तो तर स्वतः उपदेशकानेच हाती आणून दिला होता. विश्वस्तांनी तो मार्ग घेतला नाही. आम्हांला तुमचे मत पटत नाही, परंतु या व्यासपीठाचे स्वातंत्र्य आम्हांला प्रिय आहे, असा त्यांच्या निर्णयाचा आशय होता. होम्स जागेवर राहिले.

इतिहासाने या प्रसंगाचे श्रेय सामान्यतः होम्स यांना दिले. ते योग्यच आहे. परंतु ते पुरे नाही. एकट्या माणसाचे धैर्य लवकर डोळ्यांत भरते. ज्या विश्वस्तांना युद्ध न्याय्य वाटत होते, शेजारीपाजारी ज्यांना जाब विचारीत असतील, त्यांनी न पटणाऱ्या माणसाला सांभाळले, हे धैर्य अधिक अवघड आणि अधिक दुर्मीळ आहे. शांततेचे काम रणांगणावर सुरू होण्याआधी असे सभागृहात सुरू होते. ज्या घराला आपल्यातला मतभेद सोसत नाही, ते घर जगाला सलोखा शिकवू शकत नाही.

२३६ विरुद्ध ९

जे एका मंडळीला साधले ते तिच्या संपूर्ण पंथाला साधले नाही. १९१७ च्या सप्टेंबरमध्ये माँट्रियल येथे युनिटेरियनांची सर्वसाधारण परिषद भरली. परिषदेचे अध्यक्ष होते अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष विल्यम हॉवर्ड टाफ्ट. होम्स यांनी सादर केलेल्या अहवालात युद्धकाळातही चर्चने सलोख्याचे काम करावे, असा सूर होता. टाफ्ट यांना तो सहन झाला नाही. त्यांनी स्वतःच युद्धाला पूर्ण पाठिंबा देणारा ठराव मांडला. तो २३६ विरुद्ध ९ मतांनी संमत झाला. पुढच्या वर्षी पंथाच्या मध्यवर्ती संघटनेने आणखी एक पाऊल टाकले : ज्या मंडळीचा उपदेशक युद्धाला पाठिंबा देत नसेल तिला आर्थिक साहाय्य मिळणार नाही, असे धोरण तिने स्वीकारले.

विवेकस्वातंत्र्य हाच ज्या पंथाचा पाया, त्यानेच विवेकावर पैशाचा दाब आणावा, हा विरोधाभास होम्स यांना असह्य झाला. त्यांनी युनिटेरियन उपदेशकपदाचा त्याग केला. येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवली पाहिजे. होम्स यांचे जिवलग मित्र स्टीफन वाइझ यांनी १९१७ मध्ये युद्धाला पाठिंबा दिला होता. दोघे मित्र त्या प्रश्नावर परस्परविरुद्ध टोकांना उभे होते. परंतु त्यांची मैत्री तुटली नाही आणि पुढची तीन दशके ते खांद्याला खांदा लावून लढत राहिले. मतभेद आणि मनभेद यांतील अंतर राखता येते, याचा हा एक पुरावा.

नाव बदलले, अर्थ वाढला

१९१९ मध्ये मंडळीने आपले नाव बदलले. ‘चर्च ऑफ द मसाया’चे ‘कम्युनिटी चर्च ऑफ न्यूयॉर्क’ झाले. हा केवळ पाटीचा बदल नव्हता. सभासदत्वासाठी कोणत्याही धर्मसिद्धान्ताची अट राहिली नाही. बाकांची भाडेपद्धत जाऊन ऐच्छिक वर्गणी आली. वंश, राष्ट्र, वर्ग, पंथ यांपैकी कशाचीही भिंत न ठेवता, त्या शहरात राहणारा कोणीही माणूस या मंडळीचा होऊ शकतो, अशी भूमिका घेतली गेली. पंथाच्या नावाऐवजी समाजाचे नाव धारण करणारे चर्च, ही कल्पना तेव्हा नवीन होती.

योगायोग असा, की त्याच वर्षी चर्चची इमारत आगीत भस्मसात झाली. नाव नवे आणि छप्पर नाही, अशा अवस्थेत मंडळीची उपासना नाट्यगृहांत आणि सार्वजनिक सभागृहांत भरू लागली. ही गैरसोय एका परीने उपकारक ठरली. चर्चची पायरी चढण्यास संकोचणारा मजूर, अश्रद्ध तरुण किंवा अन्यधर्मीय माणूस नाट्यगृहात निःसंकोच येऊन बसू शके. स्वतःची कायम वास्तू या मंडळीला पुढे १९४८ मध्ये, पस्तिसाव्या रस्त्यावर मिळाली. त्याआधीच्या काळातच तिचे सर्वांत मोठे कार्य झाले.

१९२० मध्ये नागरी स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी ‘अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन’ स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत रॉजर बाल्डविन, हेलन केलर, जेन ॲडम्स यांच्याबरोबर होम्स होते आणि १९४० पासून दहा वर्षे ते तिच्या संचालक मंडळाचे अध्यक्षही होते. युद्धकाळात स्वतः अनुभवलेली गळचेपी त्यांनी वैयक्तिक गाऱ्हाणे म्हणून उराशी बाळगली नाही. तिचे रूपांतर त्यांनी सर्वांच्या हक्कात केले. शहराच्या कारभाराकडेही त्यांचे लक्ष होते. न्यूयॉर्कचे लोकप्रिय महापौर जिमी वॉकर यांच्या प्रशासनातील भ्रष्टाचाराविरुद्ध होम्स आणि वाइझ या दोघा धर्मोपदेशकांनी १९३१ मध्ये राज्यपाल फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्याकडे आरोप दाखल केले. चौकशीच्या रेट्याने वॉकर यांना १९३२ मध्ये पायउतार व्हावे लागले. धर्माने राजकारणात पडू नये, असे म्हणणाऱ्यांना या दोघांनी कृतीने उत्तर दिले : सत्ता मागण्यासाठी पडू नये, सत्तेला जाब विचारण्यासाठी मात्र अवश्य पडावे.

गांधीजींचे नाव

१० एप्रिल १९२१ रोजी होम्स यांनी एका नाट्यगृहात भरलेल्या उपासनेत प्रवचन केले. आज जगातील सर्वांत थोर माणूस कोण, हा त्याचा विषय. फ्रेंच साहित्यिक रोमाँ रोलाँ आणि रशियन क्रांतीचे नेते लेनिन या दोघांचा त्यांनी प्रथम विचार केला. एकाजवळ आदर्श आहे पण समाज हलवण्याची शक्ती नाही. दुसऱ्याजवळ शक्ती आहे पण ती हिंसेवर उभी आहे. आदर्श आणि कृती यांचा संगम ज्याच्या ठायी झाला आहे असा माणूस म्हणून त्यांनी तिसरे नाव उच्चारले : मोहनदास करमचंद गांधी.

श्रोत्यांपैकी फारच थोड्यांनी ते पूर्वी ऐकले असेल. भारतात असहकाराची चळवळ भरात होती. परंतु अमेरिकेतील वृत्तपत्रांपर्यंत तिची जी वार्ता पोहोचे ती बहुधा लंडनमार्गे येई. होम्स स्वतः भारतात आले नव्हते, गांधीजींना भेटले नव्हते. १९१७ मध्ये ज्या तत्त्वासाठी ते एकाकी उभे राहिले होते, तेच तत्त्व लक्षावधी माणसांना घेऊन साम्राज्याशी झुंजू शकते, हे त्यांना दूरच्या देशात दिसले. युद्धाला नकार एवढाच शांततेचा अर्थ नसून अन्यायाचा अहिंसक प्रतिकार हा तिचा पूर्ण अर्थ आहे, ही जाण त्यांना गांधीजींमुळे आली.

पुढे होम्स ‘युनिटी’ या नियतकालिकाचे संपादक असताना १९२६ पासून गांधीजींची आत्मकथा त्यात क्रमशः प्रसिद्ध झाली. ज्या परंपरेतून हे नियतकालिक आले, त्या परंपरेतील जेंकिन लॉइड जोन्स हे शिकागोच्या १८९३ मधील सर्वधर्मपरिषदेचे सचिव होते. ज्या परिषदेत स्वामी विवेकानंद बोलले, त्याच परिषदेशी या नियतकालिकाचे नाते होते. १९३१ च्या सप्टेंबरमध्ये गोलमेज परिषदेसाठी गांधीजी इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरले, तेव्हा स्वागताला होम्स हजर होते. दहा वर्षांच्या पत्रव्यवहारानंतरची ती पहिली भेट. १९४७ च्या हिवाळ्यात, फाळणीच्या जखमा ओल्या असताना, ते व्याख्यानांसाठी भारतात आले आणि दिल्लीत पुन्हा गांधीजींना भेटले. त्यानंतर थोड्याच काळात ३० जानेवारी १९४८ चा दिवस उगवला. १९५३ मध्ये होम्स यांनी ‘माय गांधी’ हे आठवणींचे पुस्तक लिहिले.

महाराष्ट्राशी जुळलेला धागा

अमेरिकन युनिटेरियनांचा भारताशी स्नेह होम्स यांच्यापासून सुरू झालेला नाही. जेबेझ टी. सँडरलँड हे मिशिगनमधील उपदेशक १८९५-९६ मध्ये ब्रिटिश युनिटेरियन संघटनेच्या वतीने भारतात आले होते. पुण्यात भरलेल्या १८९५ च्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाला ते उपस्थित होते. तेव्हाच्या आसामातील खासी टेकड्यांत हाजोम किसोर सिंग यांनी १८८७ मध्ये स्थापन केलेल्या स्थानिक युनिटेरियन समाजालाही त्यांनी भेट दिली. तीस वर्षांनी त्यांचे ‘इंडिया इन बाँडेज’ हे स्वराज्याचा पुरस्कार करणारे पुस्तक कलकत्त्यात छापल्याबद्दल रामानंद चटर्जी यांच्यावर सरकारने खटला भरला.

याच सुमारास भारतीय तरुणांना ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात उदार धर्माचा तौलनिक अभ्यास करता यावा म्हणून युनिटेरियनांनी शिष्यवृत्ती सुरू केली. तिचा लाभ घेऊन १९०१ मध्ये एक मराठी तरुण इंग्लंडला गेला. ते महर्षी विठ्ठल रामजी शिंदे होत. १९०३ मध्ये ॲमस्टरडॅम येथील उदारधर्मपरिषदेत भारताच्या उदार धर्माविषयी बोलून ते परतले आणि १९०६ मध्ये त्यांनी मुंबईत ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ म्हणजेच भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापन केली. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा आणि वसतिगृहे उघडणे हेच त्या मंडळीचे पहिले काम होते.

वर्षे ताडून पाहिली म्हणजे एक गोष्ट जाणवते. १९०६ मध्ये मुंबईत शिंदे आणि १९०९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये होम्स एकाच प्रश्नाला सामोरे जात होते. दोघे उदार धर्माच्या एकाच प्रवाहातून आले होते. एकासमोर जातीची भिंत होती, दुसऱ्यासमोर वर्णाची. ईश्वर एक आहे असे म्हणणाऱ्याने माणसांची वाटणी कशी सोसावी, हा दोघांचाही प्रश्न होता. शिंदे यांनी तर धर्मसंस्थेच्या शांत अंगणातून बाहेर पडून अस्पृश्यांच्या वस्तीत संसार थाटला आणि त्यापायी स्वकीयांचा रोषही पत्करला. विचार आयात करता येतो. त्याची किंमत मात्र ज्याची त्यालाच आपल्या गावात चुकवावी लागते.

अवघड प्रश्न

या कथेत एक अवघड जागा आहे. ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हिटलरच्या राजवटीचा होम्स यांनी आरंभापासून निषेध केला. तरीही दुसऱ्या महायुद्धात त्यांनी आपली शांततावादी भूमिका सोडली नाही. मृत्युछावण्यांत लक्षावधी ज्यू मारले जात असताना शस्त्राला नकार देणे म्हणजे दुर्बलांना वाऱ्यावर सोडणे नव्हे काय, असा प्रश्न त्या काळीही विचारला गेला. राइनहोल्ड नीबुर यांच्यासारखा एकेकाळचा शांततावादी विचारवंत याच प्रश्नामुळे त्या मार्गावरून दूर झाला. या प्रश्नाचे सर्वांना समाधान देईल असे उत्तर होम्स यांच्याजवळ नव्हते. आजही कोणाजवळ आहे असे म्हणवत नाही. या मंडळीचे महत्त्व ती प्रत्येक वेळी बरोबर ठरली यात नाही. इतका तीव्र प्रश्न आपल्या छपराखाली खुला ठेवून, त्यावर एकमेकांशी बोलत, ती एकत्र राहिली, यात ते आहे.

१९४९ मध्ये होम्स निवृत्त झाले. त्यांच्या जागी डोनाल्ड हॅरिंग्टन आले. ते १९४४ पासूनच त्यांचे सहकारी होते. मोठ्या व्यक्तीच्या सावलीत वाढलेल्या संस्था त्या व्यक्तीमागे अनेकदा कोमेजतात. येथे तसे झाले नाही. १९५२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी कायद्यांविरुद्ध अहिंसक अवज्ञा चळवळ सुरू झाली. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसबरोबर तेथील भारतीयांची काँग्रेसही तीत होती. सत्याग्रहाने ज्या भूमीत जन्म घेतला तेथेच तो पुन्हा प्रकट झाला होता. तिच्या साहाय्यासाठी अमेरिकेत जी समिती निघाली तिच्या संस्थापकांत हॅरिंग्टन होते आणि तिच्यातून १९५३ मध्ये निघालेल्या ‘अमेरिकन कमिटी ऑन आफ्रिका’चे ते पहिले अध्यक्ष झाले. १९२१ मध्ये ज्या व्यासपीठावरून गांधीजींचे नाव उच्चारले गेले, त्याच व्यासपीठाचा वारस तीस वर्षांनी गांधीजींच्या पहिल्या कर्मभूमीतील लढ्याला हात देत होता. होम्स यांनी १९६४ मध्ये जगाचा निरोप घेतला.

संस्थांसाठी उरलेला बोध

या इतिहासातून शाळेसारख्या संस्थेने काय घ्यावे? मराठी मुलखाबाहेर, परभाषी शहरात उभ्या असलेल्या मराठी शाळेला दोन मोह सदैव खुणावीत असतात. पहिला मोह दार लावून घेण्याचा : आपली भाषा, आपले सण, आपली माणसे एवढ्यांपुरते जग करून त्यात सुरक्षित राहावे. दुसरा मोह याच्या उलट : सर्वांना सामावून घेण्याच्या भरात स्वतःचे सत्त्वच विसरून जावे. कम्युनिटी चर्चने दोन्ही टाळले. त्याने रविवारची उपासना सोडली नाही, प्रवचन सोडले नाही, येशूची शिकवण हा आपला कणा सोडला नाही. सोडली ती केवळ प्रवेशाची अट. मूळ घट्ट असलेल्या झाडाचीच सावली कुंपणापलीकडे पडते. ज्या शाळेत मराठी मन लावून शिकवली जाते, तिच्या वर्गात घरी तेलुगू, हिंदी किंवा गुजराती बोलणारे मूल येऊन बसले तर मराठीचे काही उणे होत नाही. तिचा एक बोलणारा वाढतो.

दुसरा बोध विश्वस्तांचा आहे. विद्यार्थ्याने वर्गात गैरसोयीचा प्रश्न विचारला, शिक्षकाने सभेत एकट्याने विरोधी मत नोंदवले, माजी विद्यार्थ्याने कटू पत्र लिहिले, असे प्रसंग प्रत्येक संस्थेत येतात. त्या वेळी संस्थेच्या हाती राजीनामा स्वीकारण्याचा सोपा मार्गही असतो आणि १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या त्या विश्वस्तांनी घेतलेला अवघड मार्गही असतो. त्या विश्वस्तांची नावे आज सहसा कोणाला आठवत नाहीत. परंतु त्यांनी राखलेल्या व्यासपीठावरूनच चार वर्षांनी गांधीजींचे नाव उच्चारले गेले. त्यांनी एप्रिल १९१७ मध्ये त्या माणसाला घरी पाठवले असते, तर एप्रिल १९२१ चे ते प्रवचन त्या मंडळीला ऐकायला मिळाले नसते.